शेवट बदलला, आरोपीही बदलला

संपादक महोदय,

‘सिनेमाला कादंबरीचा शेवट बदलण्याची मुभा हवी’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे तत्त्वतः मान्य. पण प्रत्येक बदल कलेपोटीच होतो, असे नाही. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या (१९४५) शेवटी डुकरे आणि माणसे एकाच टेबलावर पत्ते खेळतात, दोन्ही बाजूंनी एकदमच इस्पिकचा एक्का पडतो आणि खिडकीबाहेरच्या जनावरांना डुक्कर कोण, माणूस कोण हेच कळेनासे होते. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९५४ साली आलेल्या अ‍ॅनिमेशनपटात त्या बैठकीतून माणसे वगळली आहेत आणि जनावरे बंड करून डुकरांना चिरडतात. या चित्रपटामागे सीआयएचा पैसा होता. प्रेक्षकाला आशा मिळाली, हे खरे. पण ऑर्वेलने एका पंगतीला बसवलेल्या दोघांपैकी एक जण निर्दोष सुटला, त्याचे काय?

आपला,
एक वाचक