आधी पाटी वाचा, मग पाणी मारा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त गावची वारी.

परवा हातकणंगल्याला रेल्वेनं उतरलो. (आमचं स्टेशन म्हणजे इचलकरंजीवाल्यांनी उतरायचं स्टेशन, ही ओळख काही पुसली जात नाही!) सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी, अगदी भट्टीपासून चार पावलांवर, एक टँकर उभा. मागच्या झडपेखाली रस्ता ओला झालेला, आणि नाकाला झोंबणारा वास. टपरीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "त्येचं काय न्हाई, रोज थांबतोय." मग ड्रायव्हरला विचारलं, आत काय आहे?

"केमिकल है, साब."

कुठलं?

"कंपनी का."

टँकरच्या मागं एक पाटी होती. तिच्यावर चार आकडी नंबर असायला हवा. पहिले दोन आकडे दिसत होते, पुढचे चिखलाखाली. मी रुमालानं पुसायला लागलो तर बरोबरचा भाचा हसायला लागला. "मामा, गाडी धुताय होय?"

हसू दे. पण तो पुसलेला नंबर हाच आजचा विषय आहे.

संध्याकाळी दाजींकडे गेलो. दाजी एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. कुठल्या ते सांगत नाही, घरातल्यांना माहीत आहेच. त्यांना टँकरचं सांगितलं तर म्हणाले, "आरं, आमची सगळी नोकरी अशीच गेली. फोन यायचा, 'आग लागलीय, या.' कशाला लागलीय, ते तिथं गेल्यावर कळायचं. कधी नाकानं, कधी डोळ्यानं. तोंडाला वला रुमाल बांधायचा नि आत शिरायचं." दाजींचा खोकला अजून आहे. तो कुठल्या आगीचा, ते त्यांनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुठल्याशा आगीची बातमी होती. 'जिवाची पर्वा न करता जवानांनी आग आटोक्यात आणली.' हे वाक्य मी लहानपणापासून वाचतोय, आणि आता मला त्याची चीड येते. जिवाची पर्वा न करता का बरं? पर्वा करायला काय हरकत आहे? शूर माणसाला हार घालणं स्वस्त पडतं. त्याला आत काय आहे ते आधी सांगणं मात्र आपल्याला जड जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, की रसायनाच्या अपघातात आगवाल्याचं पहिलं हत्यार पाणी नसून माहिती आहे, आणि ते हत्यार आपण सगळे मिळून त्याच्यापासून लपवतो. वर त्याच्या शौर्याचं कौतुक करतो.

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात. कशाबद्दल? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटलं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. एकाच जहाजात! धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. जहाज बुडवायचं, बाहेर ओढून न्यायचं, की तिथंच पाणी मारत राहायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. तोवर बंबवाले पाणी मारत राहिले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी आपण त्यांना सलामी देतो, आणि वर्षभर तो लाल बावटा विसरतो.

जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर जुलै २०१० मधलं शिवडीचं घ्या. बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली. शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली, त्यात मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. परदेशातही हीच कथा. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात गोदामाला आग लागली म्हणून दहा जणांचं पथक गेलं. आत २७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दहापैकी एकही परत आला नाही.

आता कुणी म्हणेल, आत काहीही असो, आग ती आग. पाणी मारलं की विझते. इथंच तर घोटाळा आहे, मंडळी. आपल्याच तालुक्याच्या आसपासची उदाहरणं घ्या.

शिरोलीत फाउंड्र्या आहेत. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि धातू स्फोटासारखा उडतो. इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमध्ये रंगाईला 'हायड्रो' वापरतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याला थोडंसं पाणी किंवा ओल लागली की ते आपोआप तापतं, पेटतं आणि सल्फर डायऑक्साइड सोडतं. तिथं बादलीभर पाणी म्हणजे आगीला आमंत्रण. हुपरीच्या चांदीच्या धंद्यात नायट्रिक ॲसिड लागतं. त्याचा तो पिवळा-तपकिरी धूर छातीत गेला तर त्या वेळी माणूस ठीक वाटतो, घरी जाऊन जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. पाणीपुरवठ्याच्या क्लोरीनचं तर आणखी वेगळं. गळक्या सिलिंडरवर थेट पाणी मारलं की ॲसिड तयार होऊन भोक मोठं होतं. शिवाय क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. तो सखल भागात, ओढ्यात साचतो. म्हणजे घाबरून ओढ्याकडे पळणारा माणूस नेमका मरणाकडे पळतो.

म्हणून रसायनाच्या अपघातात शिकलेलं दल कसं वागतं ते बघा. गाडी वाऱ्याच्या पाठीकडून आणि उंचावरून आणायची, आणि लांब थांबवायची. दुर्बिणीनं पाटी वाचायची. पदार्थ कळेपर्यंत कुणीही आत जायचं नाही. मग तीन पट्टे आखायचे. आतल्या पट्ट्यात फक्त हवेचा सिलिंडर पाठीवर आणि रसायनाला दाद न देणारा पोशाख अंगावर असलेले. मधल्या पट्ट्यात, आतून आलेल्यांना धुऊन काढायची जागा. बाहेरच्यात रुग्णवाहिका, पोलीस, अधिकारी. गावकरी त्याच्याही पलीकडे. आत जाणारे दोघे, तर त्यांना ओढून आणायला तयार उभे आणखी दोघे. हे बाहेरून पाहणाऱ्याला भित्रेपणा वाटतं. "बंब येऊन अर्धा तास झाला, नुसते उभे आहेत!" म्हणून दगड मारणारेही आपणच.

आणि ही माहिती मिळवायला फार मोठं यंत्र लागत नाही हो! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे. धोकादायक मालाच्या वाहनावर दोन्ही बाजूंना आणि मागं अशी तीन ठिकाणी पाटी हवी. तिच्यावर पदार्थाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी नंबर, धोक्याचं चित्र आणि मदतीचा फोन. १०१७ म्हणजे क्लोरीन. १००५ म्हणजे अमोनिया. १०७५ म्हणजे घरगुती गॅस. २०३१ म्हणजे नायट्रिक ॲसिड. शिवाय काय करायचं याचा लेखी कागद ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हवा. थोडक्यात, चार आकडे आणि एक कागद. तेही चिखलाखाली.

कारखान्यांसाठीही नियम आहेत. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार धोकादायक कारखाने असलेल्या पट्ट्यासाठी स्थानिक गट हवा. त्याचे अध्यक्ष प्रांत. सभासदांत अग्निशमन अधिकारी, पोलीस, बीडीओ, कारखान्यांचे आणि वाहतूकदारांचे प्रतिनिधी, सरपंच, डॉक्टर, अगदी स्थानिक पेपरचा संपादकसुद्धा. या गटानं महिन्याला बैठक घ्यायची, सहा महिन्यांनी एकदा पूर्ण सराव करायचा आणि आजूबाजूच्या लोकांना शिकवायचं. आता प्रामाणिकपणे आठवून सांगा, तुमच्या गावात असा सराव तुम्ही कधी पाहिलाय? तुमच्या सरपंचाला विचारून बघा, आपण अशा गटात आहोत का. मी आमच्या ओळखीतल्या चार जणांना विचारलं. चौघांनीही मलाच विचारलं, "हे काय असतं?"

याच्यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "यादी जाहीर केली तर लोक घाबरतील." घाबरू देत की! माहिती असलेला घाबरट माणूस वाऱ्याची दिशा बघून पळतो. माहिती नसलेला शूर माणूस मोबाईल काढून टँकरजवळ जातो.

दुसरं, "पोशाख महाग आहेत, छोट्या पालिकेला परवडत नाहीत." खरं आहे. पण कारखान्यात कुठल्या शेडमध्ये कुठलं रसायन किती, ही एका पानाची यादी दलाला द्यायला किती खर्च येतो? ती न देणाऱ्याला परवडत नाही ते काही वेगळंच असतं.

तिसरं, "एनडीआरएफ आहे ना." आहे, आणि उत्तम आहे. त्यांचं ठाणं पुण्याजवळ सुदुंबरेला. तिथून हातकणंगल्यापर्यंत यायला कितीही घाई केली तरी काही तास. वायूला तेवढा वेळ लागत नाही. पहिला तास आपल्या गावच्या बंबाचाच असतो. आणि गंमत म्हणजे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचं काम म्हणून लिहिलंय. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ते नाहीच. टँकर मात्र गावाची हद्द बघून थांबत नाहीत.

असो. सरकारला शिव्या देऊन पोस्ट संपवणं सोपं आहे, पण आपलाही वाटा आहेच. टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारे आपणच. म्हणून घरच्यांना आणि इथं नेहमी येणाऱ्यांना हात जोडून विनंती. टँकर गळताना दिसला तर जवळ जाऊ नका. वारा कुठून येतोय बघा आणि त्याला आडवे, उंचाकडे निघा. लांबून पाटीवरचा नंबर दिसला, तर १०१ किंवा ११२ ला फोन करताना तो आधी सांगा. "आग लागलीय, या" एवढंच सांगू नका. तुमच्या चार आकड्यांनी कुणाच्या तरी दाजींचा खोकला वाचेल.

जाता जाता... निघताना दाजींना नमस्कार केला तर म्हणाले, "त्या टँकरचा नंबर कळला का रे शेवटी?"

कळला होता. १७८९, हायड्रोक्लोरिक ॲसिड. टपरीवाल्याला सांगून आलो होतो. त्यानं भट्टी हलवली नाही, पण ड्रायव्हरला सांगून टँकर तेवढा पुढं घ्यायला लावला. सुरुवात म्हणून वाईट नाही.