हेलिकॉप्टर वाकडं नाही, उत्तर अर्धं आहे

हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा कशाला? कुठल्याही इंजिनियरला विचारा. "टॉर्क बॅलन्स करायला, नाहीतर बॉडी उलटी गरागरा फिरेल ना!" बरोबर, फुल मार्क. आणि आपण तिथेच थांबतो. माझा राग आहे तो त्या थांबण्यावर.

अरे, तो पंखा हवा एका बाजूला फेकतो, म्हणजे आख्खं हेलिकॉप्टर दुसऱ्या बाजूला ढकललं जाणारच की! मोमेंटची बेरीज शून्य झाली, बलांची कुठे झाली? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये हेच तर घोकलं होतं.

बेलच्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून हवेत एका जागी थांबताना ते उजवीकडे सरकू बघतं. आपलं चेतक मूळचं फ्रेंच, त्याचा पंखा घड्याळासारखा, म्हणून ते डावीकडे. पायलट मग सायक्लिक, म्हणजे हातातली दांडी, सरकण्याच्या विरुद्ध बाजूला किंचित धरून ठेवतो. मुख्य पंख्याची चकती कलते आणि तिच्या उचलीतला थोडासा आडवा भाग तो ढकला खोडतो. काही मॉडेल्समध्ये पंख्याचा खांबच जरा कलता बसवतात. (डिझायनरने दुसरा प्रश्न विचारला होता तर!)

या सगळ्यात बॉडीही थोडी कलते, उतरताना एक बाजू आधी टेकते. निवडणुकीत किकवीच्या एखाद्या मैदानात हेलिकॉप्टर असं उतरतं आणि गर्दीतला कुणी बी.ई. म्हणतो, "पायलट नवखा दिसतोय." साहेब, त्याने चकती एकदम सपाट धरली असती तर हेलिकॉप्टर शेजारच्या भातखाचरात गेलं असतं.