लायकी न विचारणारे प्रेम

आयर्लंडमधली चर्च ओस पडत चालली आहेत, ही आता बातमी राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत तिथल्या ८४ टक्के लोकांनी आपण कॅथलिक असल्याचे नोंदवले होते. २०२२ मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांची संख्या सात लाखांच्या पुढे गेली. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्साला दहा लाखांहून अधिक माणसे लोटली होती. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच मैदानात आले तेव्हा गर्दी कितीतरी कमी होती, आणि चर्चच्या माणसांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली. सुबत्ता आली, शिक्षण वाढले, म्हणून देव नकोसा झाला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. देवाचे प्रेम म्हणजे सद्वर्तनाचे बक्षीस, अशी समजूत चर्चने पिढ्यान्‌पिढ्या रुजवली. आयरिश माणूस दुरावला तो मोठ्या प्रमाणात या समजुतीपासून.

ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण याच्या नेमकी उलट आहे. माणूस पापात असतानाच देवाने त्याच्यावर प्रेम केले, हा संत पौलाच्या विचाराचा गाभा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाचा कबुलीजबाब पुरा होण्याआधीच धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आयर्लंडच्या ख्रिस्ती परंपरेची सुरुवातही याच समजेतून झाली. पाचव्या शतकात आयरिश लुटारूंनी ब्रिटनमधून पॅट्रिक नावाच्या सुमारे सोळा वर्षांच्या मुलाला पळवून आणले. सहा वर्षे गुलामीत गुरे राखल्यावर तो निसटला, आणि पुढे धर्मप्रसारासाठी त्याच लोकांकडे आपण होऊन परतला. आपल्या आत्मकथनात तो स्वतःची ओळख पापी आणि अडाणी अशी करून देतो. आपल्याला जे मिळाले ते कमावलेले नाही, ही जाणीव पक्की असल्यामुळेच त्याला स्वतःला गुलाम करणाऱ्यांवरही प्रेम करता आले.

विसाव्या शतकात त्याच देशात काय घडले? लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, अनाथ, गरीब किंवा ज्या ‘वाया जातील’ अशी नुसती भीती होती अशा मुलींना नन चालवत असलेल्या मॅग्डलेन लाँड्रींमध्ये धाडले जाई. तिथे त्या पगाराशिवाय कपडे धूत. १९२२ नंतर सुमारे दहा हजार स्त्रिया या लाँड्रींमधून गेल्या. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. अविवाहित मातांच्या आश्रयगृहांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये सांगितले की, अठरा संस्थांमध्ये मिळून सुमारे नऊ हजार मुले दगावली. ट्युअम गावच्या आश्रयगृहातल्या ७९६ बालमृत्यूंच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासिकेने चिकाटीने शोधून काढल्या नसत्या, तर ती मुले विस्मृतीतच राहिली असती. ज्यांच्यापाशी दाखवायला कोणतीच लायकी नव्हती, त्यांच्याच वाट्याला प्रेमाऐवजी शिक्षा आली.

यावर कोणी म्हणेल, सगळा दोष चर्चवर कशाला? मुलींना दारापर्यंत नेऊन सोडणारे त्यांचे आईबापच होते, जबाबदारी झटकणारे पुरुष होते, आणि सरकारही सामील होते. आयोगाने हे स्पष्ट नोंदवले आहे, आणि लाँड्रींबद्दल पंतप्रधान एंडा केनी यांनी २०१३ मध्ये सरकारच्या वतीने माफीही मागितली. गरिबांसाठी शाळा आणि रुग्णालये उभारणारे धर्मगुरू आणि नन याच देशातले, हेही खरे. पण समाज कठोर असताना त्याला दयेची आठवण करून देणे हेच चर्चचे काम होते. त्याऐवजी त्या कठोरपणाला देवाची संमती असल्याचा भास चर्चने निर्माण केला. आईबापांनी लाज म्हणून जे केले, त्याला धर्माने पुण्याचा मुलामा दिला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. प्रेमाला अटच नसेल, तर चांगले वागायचे कशासाठी? गुन्हेगाराला सूटच मिळाली की! पॅट्रिकच्या दुसऱ्या उपलब्ध लेखनात याचे उत्तर आहे. कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना मारले आणि पळवून नेले. तेव्हा शत्रूंवर प्रेम करणाऱ्या याच पॅट्रिकने जळजळीत पत्र लिहून, बंदींना सोडून पश्चात्ताप करेपर्यंत त्या सैनिकांना समाजाबाहेर ठेवायला सांगितले. अलीकडचे उदाहरण उत्तर आयर्लंडमधल्या गॉर्डन विल्सन यांचे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलनमध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटात त्यांची वीस वर्षांची मुलगी मारी हिचा मृत्यू झाला. आपल्या मनात मारेकऱ्यांविषयी द्वेष नाही, असे या मेथडिस्ट कापड व्यापाऱ्याने बीबीसीला सांगितले. पण त्यांनी त्या कृत्याला कधी क्षुल्लक म्हटले नाही. १९९३ मध्ये ते स्वतः आयआरएच्या माणसांना भेटले, हिंसा थांबवा म्हणाले आणि निराश होऊन परतले. अन्यायाला अन्याय म्हणायचे आणि तरीही अन्याय करणाऱ्याला माणसांतून वजा करायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

मग ट्युअमची बाळे मरत होती तेव्हा देवाचे हे प्रेम कुठे होते? याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच धर्मशास्त्राकडे नाही, आणि असल्याचा आव आणणे हा त्या बाळांचा अपमान ठरेल. ख्रिस्ती श्रद्धा दुःखाचे कारण सांगत नाही. क्रुसावरचा देव दुःख भोगणाऱ्याच्या बाजूला आहे, एवढेच ती सांगते. हे मानले तर लाँड्रीत ख्रिस्त कोणाच्या बाजूला होता, हा प्रश्न भक्तांनाच विचारावा लागतो. आपल्यालाही हा पेच नवा नाही. विठ्ठलाच्या प्रेमाचे गोडवे गाणाऱ्या समाजानेच चोखोबांना देवळाच्या बाहेर ठेवले होते. आयर्लंडच्या चर्चला दुरावलेली माणसे परत हवी असतील, तर नव्या योजना आणि आकर्षक प्रवचने पुरेशी नाहीत. ज्यांच्याकडून काहीही परत मिळण्याची शक्यता नाही, त्यांच्याशी चर्च कसे वागते, यावरूनच देवाच्या प्रेमाविषयीच्या त्याच्या शब्दांची किंमत ठरेल.