हाइड पार्कमधला रविवार आणि आपली वक्तृत्व स्पर्धा



मागच्या उन्हाळी सुट्टीत भावाकडे लंडनला जाण्याचा योग आला. एक रविवार खास हाइड पार्कसाठी ठेवला. भर शहरात 350 एकरांची बाग! 1536 मध्ये राजा आठव्या हेन्रीने ही जागा शिकारीसाठी घेतली आणि 1637 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. सर्पेंटाइन तलाव नैसर्गिक वाटतो, पण तोही 1730 च्या सुमारास माणसांनीच तयार केलेला. त्याच्या काठाने फिरलो, हिरवळीवर बसून पोळीभाजीचा डबा खाल्ला.

पण माझ्यातली शिक्षिका रेंगाळली ती बागेच्या ईशान्य कोपऱ्यात, स्पीकर्स कॉर्नरला. कुणी स्टुलावर, कुणी छोट्या शिडीवर उभं राहून बोलत होतं. ना मंडप, ना माईक, ना अध्यक्ष. ऐकणारे मध्येच प्रश्न विचारत होते आणि बोलणारा कधी हसून, कधी चिडून, पण उत्तर देत होता. हा हक्क सहज मिळालेला नाही. 1866 मध्ये मताधिकारासाठी सभा घ्यायला आलेल्या लोकांना बागेची दारं बंद करून अडवलं, तेव्हा कुंपण मोडून लोक आत शिरले. पुढे 1872 च्या कायद्याने बागेत सभा घ्यायला वाट मिळाली.

तिथे उभी असताना मला माझी चौथीतली विद्यार्थिनी आठवली. वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. नंतर वर्गात एका मुलाने तिला विचारलं, "तू म्हणालीस त्या 'स्वावलंबन'चा अर्थ काय गं?" ती माझ्याकडे बघायला लागली. कारण भाषण मीच लिहिलं होतं. बक्षीस खरं तर कुणाला मिळालं होतं?

आपल्या नाशिकला तर गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आहे. उघड्यावर बसून ऐकणं आपल्याला नवं नाही. मुलांना उघड्यावर बोलू देणं मात्र राहून गेलंय.

म्हणून आता दर शनिवारी शाळेतल्या झाडाखाली आम्ही एक स्टूल ठेवतो. विषय मुलांचा, वेळ दोन मिनिटं, नंतर वर्गाचे तीन प्रश्न. मुलं अडखळतात, "मला नाही माहीत" असंही म्हणतात. चालेल. पाठ केलेल्या दहा वाक्यांपेक्षा मला ते एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं.

पालकहो, एकच विनंती. पुढच्या वेळी मुलाला भाषण लिहून देऊ नका. आधी विचारा, "तुला काय सांगायचंय?" आणि मग शांतपणे ऐका.