एका माणसाचं कुटुंब

पोळ्याला घरी गेलो की माझ्या वाट्याला दोन कामं ठरलेली असतात. सकाळी बैलांच्या शिंगांना रंग लावायचा आणि दुपारी वर्षभर साठलेली ऑनलाइन कामं उरकायची. घरात इंजिनिअर असला की त्याला मोटरपंपापासून पासबुकापर्यंत सगळं येतं, असं आमच्याकडे समजतात. तुमच्याकडेही तसंच असेल. यंदा बाबांनी सगळ्यांच्या समग्र आयडीची ई-केवायसी काढली होती.

जे मध्य प्रदेशाबाहेर वाढले त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या राज्यात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी समग्र क्रमांक असतो आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला नऊ आकडी. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, लाडली बहना, सगळ्याला तो लागतो. नियम साधा आहे: एक माणूस एका वेळी एकाच कुटुंबात. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव इथून काढून तिथं जोडायचं.

माझ्या बहिणीचं नाव मात्र नुसतंच काढलं, कारण तिला वरूडला दिलं आणि वरूड महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर-अमरावतीकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र अजून जुन्याच नकाशावर चालतात. आता तर ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हाच जिल्हा झाला आणि आमचं सौंसर त्यात आलं. सध्या घरात वहिनी २०२३ ची 'लाडली बहना' आहे आणि तिची नणंद २०२४ ची 'लाडकी बहीण'. दोघी फोनवर हप्ता आला का ते एकमेकींना विचारतात. गंमत म्हणजे दोन्ही योजनांच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं, एवढंच. सासू कुणाच्याच कुटुंबात नाही.

तर लॅपटॉप ओसरीवर ठेवून यादी उघडली. आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी. आत्या नव्हती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मी चार वर्षांचा असताना ती विधवा होऊन परत आली, ती कायमची. आई शेतात जायची. मला न्हाऊमाखू घालणं, जेवू घालणं, पाढे घेणं आत्याकडे. जनगणनेत एका घरात राहून एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब धरतात. त्या हिशोबानं तर आमच्या कुटुंबाच्या मध्यावर आत्याच बसलेली आहे, कारण स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात. त्या दिवशीही पुरणाचा घाट तिनंच घातला होता.

"आत्याचं नाव कुठं आहे?" मी विचारलं.

"तिचं वेगळं कार्ड आहे," बाबा म्हणाले.

दहा-बारा वर्षांपूर्वी बाबांनी तिचा वेगळा समग्र क्रमांक काढून घेतला होता. कुटुंबातली सदस्यसंख्या: एक. त्यामुळे तिला पेन्शन लागलं. (आमच्या सरकारी कागदांत विधवा हा शब्द आता नसतो, 'कल्याणी' असतो. पेन्शन मात्र महिना ६०० रुपयेच.) पुढे आयुष्मान कार्डही झालं.

मला ते लागलं. एका चुलीवर जेवणारं माणूस कागदावर वेगळं काढायचं? पण मग मागचं वर्ष आठवलं. आत्या अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी पुण्याहून मोठ्या हिमतीनं म्हणालो होतो की कंपनीचा विमा आहे, काळजी नको. पोर्टल उघडलं तर अवलंबितांच्या यादीत पती-पत्नी, मुलं, आई-वडील, सासू-सासरे. आत्या असा पर्यायच नाही. लग्न झालं तेव्हा ज्यांना मी जेमतेम दोनदा भेटलो होतो ते सासरे त्या यादीत बसतात, आणि मला घास भरवणारी आत्या बसत नाही. शेवटी ऑपरेशन झालं ते तिच्या त्या एकटीच्या आयुष्मान कार्डावर. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च त्यात निघतो. बाबांनी तिला वेगळं काढलं म्हणूनच ती आज काठी न घेता चालते.

इथपर्यंत बाबांचं बरोबर होतं. पण आत्या कागदावर गरीब कशी, हा प्रश्न मी स्वतःला आधी कधी विचारला नव्हता. आमच्याकडे सातबारा नसतो, खसरा आणि बी-१ असतो. बी-१ वर मोठे बाबा आणि बाबा अशी दोनच नावं आहेत. आजोबा २००८ साली गेले. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे; म्हणजे आजोबा गेले तेव्हा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. आत्यानं मात्र हकत्यागावर सही केली. भावाकडं राहते, भावाचं खाते, मग हिस्सा कसा मागणार? त्या सहीमुळे ती भूमिहीन झाली आणि भूमिहीन झाली म्हणून सरकारी मदतीला पात्र ठरली. संत्र्याच्या बागेत तीस वर्षं राबली ती गोष्ट कुठल्याच रकान्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होती. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळाला आणि नदीत दोघांवर दोन्हीकडून दगड आले, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलोय. आत्या ही कथा सांगायची तेव्हा मी मुलाचं काय झालं ते विचारायचो. ती म्हणायची, "पोरीले कोणत्या काठावरून घरी ये म्हटलं, ते विचार न."

रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आत्या, तुझं नाव आपल्या कार्डात घेतो. बाकीचं बघू काय करायचं ते." मला वाटलं तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

"काहून?" ती म्हणाली.

"अगं, आपण एका घरातले."

"घरातली तर मी आहोच. त्या कार्डावर मुखिया कोण आहे, पाह्यलं का तू?"

मी पाहिलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. कुटुंब प्रमुखाच्या रकान्यात तिचं नाव होतं.

"बापाच्या घरी बाप मुखिया, सासरी सासरा, इथं तुहे बाबा. त्या कागदावर मी आहो. राहू दे." मग थोडं थांबून म्हणाली, "एक काम कर. तो नंबर जो येते न मोबाईलवर, तो तुह्या बाबाच्या फोनवर येते. तो मायावर येऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिला सौंसरच्या आधार केंद्रात घेऊन गेलो. अंगठ्याचे ठसे उठेनात. भांडी घासून आणि संत्री तोडून रेषा पुसट झालेल्या. चौथ्यांदा उठले. बी-१ चा विषय मी त्याच संध्याकाळी बाबांकडे काढला. ते काही बोलले नाहीत, गोठ्यात बैलांना पाणी पाजायला गेले. दिवाळीला पुन्हा काढणार आहे, आणि या वेळी मोठे बाबा असताना.

आठ दिवसांनी पुण्याहून तिची ई-केवायसी करायला बसलो. फोन लावून म्हटलं, "आत्या, आता सहा आकडे आले असतील, ते वाच."

"आले," ती म्हणाली.

"मग सांग ना."

"ओटीपी कोणालेच सांगायचा नाही, असं कोण सांगत होतं मले?"

मी म्हटलं, अगं मी तुझा भाचा आहे. तिनं फोन ठेवला आणि दादाच्या मोठ्या मुलीला हाक मारली. शेजारी बसवून तिला दाखवायला लावलं, आणि आकडे स्वतःच्या बोटानं टाकले.