चॉकोलेट, वाइन आणि विडा

पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे गेल्या पंधरवड्यात पत्र आले. विवाहास वर्ष पूर्ण होत आहे. त्या सायंकाळी पत्नीसमवेत चॉकोलेट व थोडी वाइन घ्यावी असा मनोदय आहे, तरी कोणत्या चॉकोलेटाशी कोणती वाइन जुळते ते कळवावे, असा मजकूर. ज्याने मद्याचा थेंबही कधी चाखला नाही, त्या युसूफ वडगावच्या निवृत्त मास्तरास हा प्रश्न! खरा प्रश्न निराळाच होता, हे आम्ही ओळखले. ‘काका, आपण रागावाल काय?’ एवढेच त्यास विचारावयाचे होते.

आम्ही रागावलो नाही. चोरून करणाऱ्यापेक्षा विचारून करणारा बरा. शिवाय रघुवंशाच्या आठव्या सर्गात अजराजा इंदुमतीसाठी शोक करतो, तेव्हा आपल्या मुखातून तिने घेतलेल्या मधूची त्यास आठवण होते. तो श्लोक आम्ही वर्गात घाईने ओलांडीत असू. आता पुतण्यापुढे सोवळे मिरविणे शोभणार नाही. सबब चौकशी करून उत्तर धाडिले. त्याचा सारांश वाचकांस सादर करितो.

आपल्या शास्त्रात रस सहा. त्यांपैकी मधुर, अम्ल, तिक्त व कषाय या चारांचा येथे संबंध येतो. (संस्कृतात तिक्त म्हणजे कडू आणि कटु म्हणजे तिखट, हे विद्यार्थी नेहमी विसरतात.) द्राक्षांच्या साली व बिया यांमुळे तांबड्या वाइनला तुरटपणा येतो, कोको तर मुळातच कडू व तुरट. म्हणून कडवट चॉकोलेटावर बिनगोडीची तांबडी वाइन घेतल्यास तुरटावर तुरट चढते व जीभ आखडते. गोड चॉकोलेटावर तीच वाइन आंबट लागते. पेढा खाऊन चहा घेतला म्हणजे तो अगोड लागतो, तसेच हे. यावरून नियम असा की, पेय हे खाद्याहून गोड असावे. पोर्तुगालची पोर्ट याच कारणाने कडवट चॉकोलेटास जुळते. तिची आंबण्याची क्रिया चालू असतानाच ब्रँडी मिसळून ती थांबवितात व द्राक्षांची साखर शिल्लक राहते. मात्र तीत मद्यार्क शेकडा २० च्या सुमारास असतो. साध्या वाइनमध्ये १२-१३. आपल्या नाशिककडेही उशिरा खुडलेल्या शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांची गोड वाइन होते. ती पांढऱ्या चॉकोलेटाबरोबर घ्यावी.

पथ्ये दोन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. तेव्हा सवय लावून घेऊ नये, आणि गर्भिणीने तर थेंबही घेऊ नये. दुसरे, पत्नीची इच्छा नसेल तर आग्रह करू नये. काळ्या द्राक्षांचा ताजा रस वरील नियमास तितकाच उतरतो, आणि त्याने प्रसंगाचे काही उणे होत नाही.

हे लिहिता लिहिता आम्हांस आमचाच विवाह आठवला. वडीलधाऱ्यांच्या देखत विडा तोडण्याचा विधी झाला, तेव्हा आम्ही लाजेने अर्धमेले झालो होतो. पुढे इतकी वर्षे रात्रीच्या जेवणानंतर आमच्या कुटुंबाने विडा करून आमच्या हाती दिला. आम्ही तिला एकदाही करून दिला नाही. भरल्या घरात ते दिसेल कसे, ही भीती.

पत्र टपालात टाकले त्या रात्री आम्ही पानाचा डबा पुढे ओढला. सुपारी कर्करोगास कारण होते, म्हणून ती वगळली. कात, चुना, बडीशेप, गुलकंद घातला. तुरट, तिखट व गोड यांचा मेळ पुतण्यास शिकविणाऱ्या पंडिताच्या हातून चुना मात्र जास्त पडला. तिची जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आले. तरी विडा तिने थुंकला नाही. ‘उद्या चुना मी लावीन, बाकीचे आपण करावे,’ एवढेच म्हणाली.

तेव्हापासून तसेच चालू आहे. सुनांनी पाहिले आहे. कोणी हसले नाही.