गोवामुक्ती : आक्रमण कोणाचे?



डिसेंबर १९६१ची गोव्यातील लष्करी कारवाई हे निवडणुकीवर डोळा ठेवून केलेले आक्रमण होते, हे गतांकातील लेखाचे प्रतिपादन वस्तुस्थितीस धरून नाही. निवडणूक तोंडावर होती, एवढेच खरे. परंतु पोर्तुगाल वाटाघाटींस तयार होईना म्हणून लिस्बनची वकिलात भारताने १९५३ सालीच बंद केली होती, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सरहद्दीवर, हाती तिरंगा घेतलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, याचा लेखात साधा उल्लेखही नसावा? सरकारने लोकमत चिथावले, हे लेखातील म्हणणे तर सपशेल उलटे. सेनापती बापट व नानासाहेब गोरे सत्याग्रही म्हणून आधीच गोव्याची सरहद्द ओलांडून गेले, आणि त्या गोळीबारानंतर सत्याग्रहींची वाट आपल्याच सरकारने अडवली.



एक वाचक, केडगाव (ता. दौंड)